सुई सोडल्यानंतरचा थकवा

नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. तालुका हिंगोली, जिल्हाही हिंगोली. हिंगोली शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. त्यामुळे खाकी वर्दी ही या भागातल्या पोरांच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट. सोयाबीन आणि हळद यांवर घरातल्या सगळ्यांचे भागत नाही. म्हणून पोरगा बारावी झाला की पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. पहाटे उठतो, रस्त्याने पळतो, गोळा फेकतो.

यात वाईट काहीच नाही. पळणे चांगले. मेहनत चांगली. पण अलीकडे या मेहनतीत एक सुई शिरली आहे. हे फक्त एका गावाचे किंवा एका जिल्ह्याचे दुखणे नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तालमीत, जिममध्ये आणि भरतीच्या मैदानावर ही सुई पोचली आहे. २०२३ सालच्या पोलीस भरतीत उमेदवारांजवळ उत्तेजक औषधे आणि सुया सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

काही पोरे ही सुई घेतात. काही दिवसांनी त्यांना ती सोडावीशी वाटते. काही जण सोडतातही. मग अंगात असा थकवा येतो की पोरगा घाबरतो आणि घरचेही घाबरतात. "सुई होती तेव्हाच बरा होता," असे त्याला वाटू लागते. तो पुन्हा सुईकडे वळतो. सोडणाऱ्याचा घात इथेच होतो. म्हणून या थकव्याची माहिती प्रत्येक घरात हवी.

ही सुई कसली?

या औषधाचे नाव मेफेन्टरमाइन. नाव अवघड आहे. सावकाश वाचा : मे-फेन-टर-माइन. घरात अशी बाटली सापडली तर ओळखता यावी म्हणून हे नाव लक्षात ठेवा. बाटलीवरचे अक्षर इंग्रजी असेल तर आशाताईंकडून वाचून घ्या.

हे औषध विष म्हणून तयार झालेले नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात भूल देतात. त्या वेळी रोग्याचा रक्तदाब एकदम उतरू शकतो. तो वर आणण्यासाठी डॉक्टर हे औषध देतात. तेव्हा डॉक्टर शेजारी उभे असतात. रोग्याची नाडी आणि रक्तदाब यंत्रावर दिसत असतो. औषध किती द्यायचे ते तोलून मापून ठरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध विकणे हा गुन्हा आहे.

तेच औषध पोरगा झाडाआड उभा राहून स्वतःला टोचून घेतो. काळीज धडधडते. झोप उडते. भूक मरते. आपल्या अंगात दहा माणसांचे बळ आले असे वाटते. असे खोटे बळ दाखवणाऱ्या औषधांना उत्तेजक औषधे म्हणतात.

बैलाला पराणी टोचली की बैल पळतो. पण पराणीत वैरण नसते. बैल पळतो तो स्वतःच्याच अंगातल्या बळावर. या सुईचेही तसेच आहे.

थकवा का येतो?

विहिरीचा दाखला घेऊ.

आपल्या शरीरात तरतरी आणणारी द्रव्ये असतात. शरीर ती थोडी थोडी तयार करते आणि मज्जातंतूंच्या टोकाशी साठवून ठेवते. गरज पडेल तशी ती खर्च होतात. झऱ्याने विहीर भरावी आणि आपण शेंदून पाणी काढावे, तसा हा व्यवहार चालतो.

सुईने या विहिरीत थेंबभरही पाणी वाढत नाही. सुई म्हणजे विहिरीवर बसवलेली मोठी मोटार. ती साठलेले पाणी भराभर उपसते. त्या दिवशी पिकाला भरपूर पाणी मिळते आणि मालक खूश होतो. पण झरा तेवढाच असतो. दुसऱ्या दिवशी विहिरीत पाणी कमी. तिसऱ्या दिवशी आणखी कमी.

मग पोरगा सुईचा डोस वाढवतो. आटलेल्या विहिरीवर मोटार चालवली तर काय होते? पाणी येत नाही, मोटार मात्र जळते. इथे मोटारीसारखे जळते ते आपले काळीज. या सुईने रक्तदाब चढतो, काळजाचे ठोके बिघडतात, काळजाचा स्नायू कमजोर होतो. काहींच्या डोक्यावरही परिणाम होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांवर संशय येतो.

आता सुई सोडली. मोटार बंद झाली. पण विहीर त्याच दिवशी भरत नाही. झरा हळूहळू पाझरतो. विहीर भरेपर्यंत जो कोरडेपणा असतो, तोच हा थकवा.

तेव्हा हे नीट ध्यानात घ्या. हा थकवा सुई सोडल्याने झालेला आजार नाही. तो सुईनेच केलेला खर्च आहे. सोडल्यावर तो दिसू लागतो, एवढेच. आणि विहीर पुन्हा भरते.

थकवा किती दिवस राहतो?

सगळ्यांचे सारखे नसते. कोणी किती सुया घेतल्या आणि किती दिवस घेतल्या, त्यावर ते ठरते. पण साधारण क्रम असा असतो.

पहिला आठवडा : पोरगा झोप झोप झोपतो. उठला की भूक लागते. हातपाय जड वाटतात. वाईट स्वप्ने पडतात. लहानसहान गोष्टीवरून तो चिडतो.

दुसरा आणि तिसरा आठवडा : अंग थोडे हलके होते, पण मन जड राहते. कशातच गोडी वाटत नाही. मित्र नकोत, सण नको, पळणे नको. याच दिवसांत सुईची ओढ जोराने येते.

त्यानंतर : बरे वाटणारे दिवस वाढत जातात. तरी मधूनच एखादा दिवस जुन्यासारखा वाईट निघतो. असे काही आठवडे चालते. काहींचे काही महिनेही चालते. मृगाचा पाऊस येतो, मध्ये उघडीप पडते, पुन्हा येतो. चार दिवस ऊन पडले म्हणून पावसाळा संपला असे आपण म्हणत नाही. तसेच हे आहे. एका वाईट दिवसाने मागची कमाई बुडत नाही.

घरच्यांनी काय करावे?

भर कामाच्या दिवसांत घरातला तरणा पोरगा दुपारपर्यंत झोपलेला दिसला तर बापाला राग येणारच. हळद शिजवायची आहे, माणसे मिळत नाहीत, आणि हा अंथरुणात! तोंडातून शब्द निघतो, "आळशी झालास. वाया गेलास."

असे बोलू नका. तो आळशी नाही. त्याची विहीर कोरडी आहे. तापातून उठलेल्या माणसाला आपण नांगराला जुंपत नाही. त्याला चार दिवस पेज देतो. तसेच इथे करायचे.

माय असे म्हणू शकते, "बापू, उठ. तोंड धू आणि दोन घास खा. मग पुन्हा पड. हे दिवस जातील."

बाप असे म्हणू शकतो, "आज मळ्यात काम नको. संध्याकाळी माझ्यासंगं नदीपर्यंत चालत चल. बस्स, एवढंच."

या बोलण्याला पैसा लागत नाही. पण सोडणाऱ्याला त्याचा मोठा आधार होतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशी बोलले जाते. कारण माणूस सुटून घरीच परत येतो. घर समजूतदार नसेल तर त्याला पुन्हा वाट चुकायला वेळ लागत नाही.

खाणे, झोप आणि काम

खाणे : तीन वेळा, ठरल्या वेळी. भूक लागेल तेवढे खाऊ द्या. ज्वारीची भाकरी, वरण, उसळ, शेंगदाणे, गूळ, दूध, ताक, चालत असेल तर अंडे. महागाची ताकदीची पावडर लागत नाही. पाणी भरपूर प्यावे.

झोप : पहिला आठवडा झोप येईल तेवढी घेऊ द्या. मग उठण्याची एक वेळ ठरवा. रात्री कितीही उशिरा झोप लागली तरी सकाळी त्याच वेळी उठावे. मोबाईल उशाशी ठेवू नये.

चहा : सकाळी एक-दोन कप ठीक. दुपारनंतर चहा नको. रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी थकवा वाढतो.

दारू आणि तंबाखू : "झोप येत नाही म्हणून थोडी घेतली," असे होऊ देऊ नका. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडण्यासारखे ते आहे.

काम : पहिल्या आठवड्यात हलके काम. शेळ्यांना पाला टाकणे, गोठा झाडणे. मग रोज थोडे वाढवा. ऊन लागते. अंग हलते. मनावरचे मळभ कमी होते.

पळणे : आधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि काळीज तपासून घ्यावे. डॉक्टर हो म्हणाले तर पहिले काही दिवस फक्त चालावे. मग सावकाश पळावे. जुनी वेळ घड्याळात येणार नाही. सुई असतानाची ती वेळ त्याची नव्हतीच. आता जी वेळ येईल ती त्याची स्वतःची.

ओढ आली तर काय करावे?

सकाळी चहा झाला की काहींचा हात आपोआप तंबाखूच्या डबीकडे जातो. हाताला कोणी सांगत नाही. चहा आणि तंबाखूची गाठ पडलेली असते. सुईच्या ओढीचेही असेच आहे. पहाटेची वेळ, तेच मैदान, तेच मित्र, तेच दुकान. यातले काही समोर आले की ओढ उठते.

ही ओढ वावटळीसारखी असते. उन्हाळ्यात शेतात वावटळ उठते. धूळ डोळ्यांत जाते. पुढचे काही दिसत नाही. पण वावटळ एका जागी राहत नाही. आपण डोळे मिटून घट्ट उभे राहतो आणि ती निघून जाते. सुईची ओढही बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ निभावायचा.

तो असा निभावावा :

१. घड्याळ बघा. मनाला सांगा, "आत्ता नाही. अर्ध्या तासाने बघू." जन्मभराची शपथ घेऊ नका. अर्धा तास पुरे.

२. जागा सोडा. मैदानावर असाल तर घरी या. खोलीत एकटे असाल तर अंगणात या.

३. पोटात काही घाला. तांब्याभर पाणी प्या. गूळ-शेंगदाणे खा. उपाशी आणि दमलेल्या माणसाला ओढ जास्त छळते.

४. माणूस गाठा. आई, भाऊ, मित्र, गुरुजी, कोणीही एक. तो आधीच ठरवून ठेवा. त्याला एवढेच सांगा, "मला आत्ता आठवण येतेय. जरा बस माझ्याजवळ."

५. वाट बंद करा. सुई देणाऱ्याचा नंबर मोबाईलमधून काढून टाका. काही दिवस जास्तीचे पैसे हातात ठेवू नका. पळायला दुसरा रस्ता, दुसरी वेळ आणि दुसरी सोबत धरा.

प्रत्येक वावटळ निभावली की पुढची थोडी कमजोर येते.

पाय घसरला तर?

काही जण पुन्हा एकदा सुई घेतात. मग वाटते, सगळे संपले. तसे नाही. पंढरीला पायी निघालेला माणूस वाटेत ठेचकाळला तर तो परत घरी येऊन पहिल्यापासून चालत नाही. उठतो, पाय चोळतो आणि तिथूनच पुढे चालू लागतो. पोराने घरी सांगावे. घरच्यांनी मारू नये, हाकलू नये. कुठे, केव्हा, कोणाबरोबर घेतली ते शांतपणे विचारावे आणि ती वाट बंद करावी.

पण एक धोका सांगितलाच पाहिजे. काही दिवस सुटल्यावर शरीराची सवय मोडते. मग पूर्वीएवढाच डोस काळजाला झेपत नाही. त्यात जीवही जाऊ शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

शक्य असेल तर सुई सोडतानाच डॉक्टरांना भेटावे. पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र एक तासही थांबू नये :

छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, दम लागणे.

"कोणीतरी माझ्या मागे लागले आहे," असे बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे.

"जगून काय करू?" असे बोलणे. सुई सोडल्यावर मन फार खाली जाते, तेव्हा असे विचार येतात. हे बोलणे थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका.

सुई टोचल्या जागी सूज, पू, ताप.

एकच सुई दोघांनी वापरली असेल तर एचआयव्ही आणि कावीळ बी व सी यांची तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते.

हा थकवा एका दिवसात घालवील अशी गोळी आज डॉक्टरांकडेही नाही. कोणी तशी गोळी विकत असेल तर घेऊ नका. पण झोप, उदासी, रक्तदाब यांवर डॉक्टर इलाज करतात आणि बोलून धीर देतात. त्याचा उपयोग होतो.

दुसरी एक गोष्ट. काही आजारांत डॉक्टर स्वतःच उत्तेजक औषध लिहून देतात. कोणाला दिवसा अनावर झोप येते, कोणा मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही. अशांनी हा लेख वाचून आपले औषध एकदम बंद करू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घरच्यांना भीती वाटते की नाव बाहेर फुटेल आणि भरती बुडेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. दारू आणि औषधांच्या व्यसनातून होणारे मनाचे आजारही त्या कायद्यात येतात. लाजेपायी पोरगा घरात कोंडून ठेवू नका.

जगानेही हा अनुभव घेतला आहे

दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांनी आपल्या सैनिकांना जागे राहण्यासाठी उत्तेजक गोळ्या दिल्या. युद्ध संपल्यावर जपानात त्या औषधांचे व्यसन एवढे पसरले की सरकारला १९५१ साली त्यावर वेगळा कायदा करावा लागला.

१९६७ साली फ्रान्समध्ये सायकलची मोठी शर्यत चालू होती. टॉम सिम्पसन हा नामांकित इंग्रज सायकलपटू डोंगर चढत होता. ऊन कडक होते. त्याने उत्तेजक औषध घेतलेले होते. शरीर थांब म्हणत होते, पण औषध ते ऐकू देत नव्हते. तो रस्त्यावर कोसळला आणि मेला. त्याचे वय होते २९. पुढच्याच वर्षी, १९६८ सालच्या ऑलिंपिकपासून, त्या खेळांत खेळाडूंची औषध-तपासणी सुरू झाली. आज मेफेन्टरमाइन हे खेळांत बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे.

थोडा हिशेब करू

२०२४ सालच्या भरतीत पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेला ५० गुण होते. पोरांसाठी त्यात १६०० मीटर पळण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. लेखी परीक्षेला मात्र १०० गुण होते. म्हणजे १५० गुणांत लांब पळण्याचे २०. सुईने त्यातले दोन-चार वाढतीलही. पण झोप मोडल्यामुळे, चित्त ठिकाणावर नसल्यामुळे लेखीतले किती जातील? आणि काळीज बिघडले तर ते कोणत्या भरतीत परत मिळेल?

भरती या वर्षी हुकली तरी पुन्हा निघते. थकलेल्या पोराला तेवढी उसंत द्या.

हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवा. खालचे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा :

मन फार उदास झाले तर, टेलि-मानस : १४४१६

व्यसन सोडण्यासाठी सल्ला : १४४४६

छातीत दुखले, शुद्ध हरपली तर रुग्णवाहिका : १०८